पाण्याने जाणारा रंग

८ नोव्हेंबर २०२५

टेबल आलं!

सकाळी चहाचा कप हातात होता आणि दारात टेंपो. ड्रायव्हर म्हणाला, "रोह्यावरनं आलोय. नम्रताताईंचं सामान." मी म्हटलं, माझं कुठलं सामान? जुन्या गादीत गुंडाळून, सुतळीने करकचून बांधलेलं एक आरशाचं टेबल. वहिनी पोह्याचे पापड लाटत होती, ती तशीच पिठाच्या हातांनी उठून आली. "बघ गो, नवऱ्याआधी फर्निचर आलं तुझं!" शेजारच्या दोघी हसल्या. मलाही हसू आलं, पण मी दाखवलं नाही.

मिथुनचा फोन नंतर आला. हा माणूस सगळं आधी करतो आणि मग सांगतो. "तुमचा हात रंगाचा. लग्नाच्या आधी जरा नवं करून द्या. जुनं झालंय हो." कुणाचं, ते बोलला नाही. मला माहीत आहे. अनिताचं. त्याची पहिली बायको, तीन वर्षांपूर्वी गेली.

फेब्रुवारीत आमचं लग्न! लिहून बघितलं की खरं वाटतं. मी सदतीसची, सोडचिठ्ठी घेऊन पेणला भावाच्या घरी राहणारी, गणपतीच्या कारखान्यात रंग लावणारी. तो बेचाळीसचा, धाटावला कंपनीत शिफ्ट. घर चांगलं. त्याची आई सीताबाई चांगली, तोंडाने फटकळ पण मनात काही ठेवत नाही. आणि मनस्वी. त्याची मुलगी, पाचवीत. दोनदा रोह्याला जाऊन आले, माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पाणी आणलं तेही टीपॉयवर ठेवून गेली, हातात दिलं नाही. मला दुसरी कसली भीती नाही. स्वयंपाक येतो, सासू सांभाळेन. ती पोरगी माझ्याशी बोललीच नाही तर मी त्या घरात काय करणार?

टेबल सागाचं आहे. गडद तपकिरी, हाताला जरा चिकट. खाली तीन खण, मधला अडकतो. उघडला तर पावडरचा वास आला, अजून. आणि आरशाच्या कडेला टिकल्या! मरून, मोठ्या गोल, एकीखाली एक चिकटवलेल्या. आंघोळीआधी कपाळावरची काढून तिथे लावायची आणि मग नवीन लावायची, म्हणजे जुन्या तिथेच. मी माझ्या मोरीच्या खिडकीच्या गजाला लावते. काळ्या, बारीक. वहिनी ओरडते, "गजाला देवी आल्यासारखा दिसतो गो!"


१० नोव्हेंबर

लाकडाचं मला ओ का ठो कळत नाही. माती कळते.

रामवाडीला साहिलच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. म्हटलं, लाकडी टेबलाला रंग द्यायचाय, कुठला देऊ? त्याने उलट मलाच विचारलं, "ताई, आता त्याच्यावर काय हाय?" मी म्हटलं तपकिरी. "तपकिरी नाय हो. पॉलिश कुठलं हाय?" मला कुठे ठाऊक! त्याने छोट्या बाटलीत स्पिरिट ओतून दिलं. कापूस भिजवून मागच्या बाजूला घासायचं. कापूस तपकिरी झाला, चिकट लागलं, तर लाखेचं पॉलिश, म्हणजे चपडी. काहीच झालं नाही तर नव्या पद्धतीचं, ते निघता निघत नाही.

घरी आल्या आल्या चप्पल पण काढली नाही, खण उपसून त्याच्या पाठीवर घासलं. कापूस तपकिरी! बोटं एकमेकांना चिकटली! मला इतका आनंद झाला की वहिनीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "माझ्या पापडाला स्पिरिटचा वास लागला तर तुलाच खायला घालीन."

परत साहिलकडे. चपडी आहे म्हटल्यावर म्हणाला, "मग चपडीवर चपडीच मारा. जुनी विरघळते, नवी तिच्यात मिसळते, थर दिसतच नाय." मी म्हटलं, पण मग दिसेल तसंच ना? "तसंच दिसणार." नवं दिसायला पाहिजे म्हणतात. "मग ऑइलपेंट. घासा, प्रायमर मारा, वरून ऑइलपेंट. जन्मभर हलणार नाय." शेवटी हळूच म्हणाला, हल्ली मुंबईवाले लाकडाला खडूचा रंग लावतात, मऊ दिसतो, पण डबा बाहेरून मागवावा लागेल.

खडूचा रंग! मी दुकानातच हसले. आमच्या कारखान्यात दुसरं असतं काय? खडूची भुकटी, डिंक आणि रंग, शाडूच्या मूर्तीला हाच तर लावतो. आणि हा म्हणे बाहेरून मागवा!


१३ नोव्हेंबर

रंग कुठला द्यायचा, म्हणून फोन केला. मिथुन म्हणाला, "कुठलापण द्या, तुम्हाला कळतं." मी म्हटलं मनस्वीला विचारा. फोनमध्ये नुसती कुजबुज. मग सीताबाई आल्या. "ती बोलते, हाय तोच."

हाय तोच.

मागून मिथुनचा आवाज, "लहान हाय ती. नवं बघितलं की नाचल."

बरोबर असेल. पोरांना नवं आवडतं. मी खणाच्या पाठीवर चार रंगांचे पट्टे ओढून ठेवलेत. मोरपंखी, पिस्ता, गेरू, लिंबाच्या फुलासारखा पांढरा. सकाळच्या उन्हात पिस्ता छान दिसतो, दुपारी मोरपंखी. वहिनीला गेरू आवडला, पण तिला तर गेरूशिवाय काही आवडतच नाही. आरशासमोर बसणारीच्या चेहऱ्यावर कुठल्या रंगाचा उजेड पडेल, ते बघितलं पाहिजे. हे मूर्तीत कधी बघावं लागत नाही. तिथे चेहरा आपणच रंगवतो.


१७ नोव्हेंबर

पिस्ता. ठरलं.

त्याच्यावर वॉर्निश मारून बघितलं, तर पिस्त्याला कावीळ झाली! वॉर्निश रद्द.


२३ नोव्हेंबर

झालं. आणि फक्कड झालं, स्वतःच लिहिते, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही.

आधी साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढला. काचपेपर नुसता फिरवला, मूर्तीच्या गालावर फिरवतो तेवढाच. मग पिस्त्याचे हात. पहिला फाटका बसला, दुसरा बरा, तिसरा दुधाच्या सायीसारखा. वर हलकी मोतिया झाक. खणांच्या कडेने सोनेरी रेघ, पट्टी न लावता, एका दमात. माझा हात हलत नाही. कारखान्यात डोळे जनूकाका आखतात, म्हणून मालकसुद्धा त्यांना घाबरतो. पण किरीट आणि शेल्याची रेघ माझी. चारी कोपऱ्यांना कमळं काढली. तेवढ्यात थांबायला हवं होतं, पण हात ऐकेना, मधल्या खणावर एक मोठं पण काढलं.

वहिनी आली आणि बघत राहिली. "ह्याच्यावर नवरीनं बसायचं का गणपतीनं?" माझा भाऊ आदेश कामावरून आला, त्याने तर चप्पल काढून नमस्कार केला. मस्करी!

आरसा पुसला. टिकल्या ठेवल्या. कागद लावून झाकल्या, रंग उडू नये म्हणून. मी कोण काढणारी?


३० नोव्हेंबर

टेबलाबरोबर टेंपोत पुढे बसून रोह्याला गेले. नागोठण्याच्या पुढे रस्ता असा की मी दर खड्ड्याला मागे वळून बघत होते. एक पोपडा उडाला नाही!

मिथुन खूश. दहा बाजूंनी फोटो काढले, कंपनीतल्या लोकांना पाठवले. "बघा, हे आमच्या—" आणि थांबला. आमच्या काय, ते शोधत होता. मला मजा वाटली. सीताबाई म्हणाल्या, "अगदी मखरासारखं केलंस गो पोरी." आणि पदराने आरसा पुन्हा पुसला.

मनस्वी दाराआडून आली. सगळ्या बाजूंनी फिरून बघितलं. मधला खण उघडला, आत वाकून वास घेतला. मग मागच्या कडेला नखाने हळूच खरवडलं आणि नख उजेडात धरून बघितलं. मला वाटलं, अरे, ही माझ्यासारखीच आहे, हिला बघितल्याशिवाय राहवत नाही! मी हसले. तिने माझ्याकडे बघितलं आणि आत निघून गेली.

नाचली नाही.


५ डिसेंबर

मेले मी. लाज लाज.

मिथुनचा फोन. "अहो, रंग जातोय! पोरीचा शाळेचा ड्रेस हिरवा झाला. पाण्याचा हात लागला की सुटतो." मी काय बोलले ते आठवतही नाही. फोन ठेवला आणि वाटीभर पाणी घेऊन रंग ढवळायच्या लाकडी पट्टीवर बोट फिरवलं. बोट पिस्ता. खाली लाकूड कोरं करकरीत.

अगं बाई, तो रंग पाण्यात जायलाच तर केलेला असतो!

कारखान्यात जनूकाकांना सांगितलं. खोकला लागेपर्यंत हसले. "नमे, रोह्यात जाऊन विसर्जन करून आलीस!" सगळा कारखाना हसला. मग जवळ येऊन म्हणाले, "नको मनाला लावू. आपल्याला कुठं सवय हाय? आपण रंगवलेलं पुढल्या वर्षी कुणी दाखवाया आणतं का?" खरं आहे. मी रंगवलेली एकही वस्तू मी वर्षभराने पाहिलेली नाही. रंग बसला, सुकला, लोकांनी वा म्हटलं, की आपलं काम संपलं. पुढे त्याचं काय होतं, हा प्रश्नच आम्हाला पडत नाही.

साहिल पण म्हणाला, "ताई, डब्यातला खडूचा रंग प्लास्टिकसारखा धरतो. तुमच्यात डिंक हाय." मग तेव्हा का नाही बोललास बाबा? "तुम्ही हसत बाहेर पडलात ना!"

रविवारी रोह्याला जायचं. काचपेपर, प्रायमर घेतलाय. आता ऑइलपेंटच. जन्मभर न हलणारा.


७ डिसेंबर

सकाळची मेमू गाडी. रिकामी होती. पिशवी मांडीवर, आणि डोक्यात एकच, ती पोरगी आता काय म्हणेल. आधीच बोलत नव्हती, आता तर हिरवा ड्रेस!

घरी गेले तर टेबलावर हस्तिदंती ऑइलपेंटचा डबा तयार. मिथुनने कालच आणलेला. तो म्हणाला, "दूध घेऊन येतो, मग सुरू करू." सीताबाई आत मासे साफ करत होत्या. मी टेबलासमोर जमिनीवर बसले, कुठे कुठे गेलाय ते बघायला.

आणि मला गंमतच वाटली. ड्रेस घासला गेला असता तर रंग कमरेच्या उंचीवर, फराटा ओढल्यासारखा गेला असता. इथे वरचं सगळं जसंच्या तसं होतं. गेला होता तो सगळ्यात खालचा खण. पूर्ण! कोपऱ्यातलं कमळ नाही, सोनेरी रेघ नाही. नक्षीच्या खाचेतला रंगसुद्धा निघालेला. खाचेतला रंग चुकून जात नाही. तिथे बोटाला फडकं गुंडाळून, गुडघ्यावर बसून, एकेक खाच करावी लागते. मी मूर्तीच्या दागिन्यांवर सांडलेला रंग तसाच काढते.

उठून मोरीत गेले. दोरीवर शाळेचा हातरुमाल वाळत होता. पांढरा, आणि मधोमध फिका पिस्ता.

मागे वळले तर मनस्वी दारात. रुमालाकडे बघत होती. चेहरा असा की आता ओरडा बसणार.

पॉलिशचं साहिलकडून ऐकलेलं ठाऊक होतं तेच बोलले. "घासत जाऊ नको. नुसतं ओल्या फडक्याने पूस, आणि लगेच कोरड्याने. पाणी राहिलं तर आतलं पॉलिश पांढरं पडतं."

तिने रुमाल चाचपून बघितला. मग म्हणाली, "जायचाच होता तर लावला कशाला?"

बोलली! काय बोलली ते नंतर कळलं मला, आधी नुसतं बोलली हेच कळलं. बाबांनी सांगितलं म्हणून, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "मला दुसरा येतच नाही."

तिला हे पटलं असावं. म्हणाली, "आतला खराब नाय ना झाला?"

"नाही झाला. ये, बघू." आम्ही दोघी टेबलाशी बसलो. मी रुमाल भिजवून पिळला, मधल्या खणावर, कमळाच्या बाजूला, तळहाताएवढं पुसलं, लगेच पदराने कोरडं केलं. आतून तपकिरी वर आलं, होतं तसं. तिने त्याला नाक लावलं. किती वेळ लावून बसली. मला तिथे बसवेना आणि उठवेना.

मिथुन दूध घेऊन आला. डब्याचं झाकण उचकटायला चमचा शोधायला लागला. मी म्हटलं, "राहू द्या. ऑइलपेंट नको."

"नको? मग?"

"हाच परत लावते."

"तो जातो ना पण!" त्याचा आवाज चढला. "लग्नाला लोक येतील, बोलतील, पेणची रंगवाली आणली आणि घरात टेबलाचे पोपडे."

"बोलू देत. ऑइलपेंट मारायचा तर आधी घासावं लागणार. खालचं मग परत मिळणार नाही."

"पायजेच कशाला खालचं?"

मनस्वी रुमाल मुठीत धरून भिंतीला टेकलेली. मिथुन चमचा हातात घेऊन उभा. मग खाली बघत म्हणाला, "मला ते रोज बघवत नाय हो. कामावर निघताना, आल्यावर, ते तिथंच. म्हणून बोललो, रंग मारा."

म्हणजे हे होतं! आणि मी एवढे दिवस समजत होते की ह्याला जुनं दिसतं म्हणून. मला त्याची दया आली, खरंच आली. एकाला बघवत नाही, एकीला पुसू द्यायचं नाही, आणि टेबल एकच.

आतून सीताबाई ओरडल्या, "मिथुन, तो डबा परत दे बघू. हिचं ऐक. रंगातलं तुला काय कळतं?"

डबा परत गेला. मी पिशवीतून माझा उरलेला पिस्ता काढला (साहिलला हसू दे, मी बरोबर नेलाच होता) आणि खालचा खण आणि मधल्यावरची पुसलेली जागा पुन्हा रंगवली. रेघ ओढली, कमळ काढलं. मिथुनला स्पष्ट सांगितलं की हा पण पाण्याने जातो. तो वैतागून म्हणाला, "मग ह्या घरात पक्कं हाय तरी काय?" मी म्हटलं, "आठ फेब्रुवारी पक्की आहे ना?" तेव्हा हसला एकदाचा.

निघताना मनस्वी दारापर्यंत आली नाही. पण खिडकीत होती.


९ डिसेंबर

वहिनी म्हणते, तुझं डोकं फिरलंय. "आपल्या हातानं केलेलं पुसायला शिकवून आलीस! उद्या सगळं पुसून टाकील, मग?"

मग काय, ते मलाही माहीत नाही. मिथुनला झाकलेलं हवं, मनस्वीला उघडं, आणि दोघांना एकदम चालेल असा माझ्याकडे हा एकच रंग आहे. साहिलच्या दुकानातल्या कुठल्याच डब्यात तो नव्हता. पण वहिनीचा प्रश्न डोक्यातून जात नाही.


८ फेब्रुवारी २०२६

लग्न झालं. देवळात, थोड्या माणसांत. सगळ्या बायका टेबल बघून गेल्या. मनस्वी समोर उभी राहून कुणाचा ओला हात लागू देत नव्हती.


१२ फेब्रुवारी

इथल्या मोरीलाही खिडकी आहे आणि खिडकीला गज. बरं झालं. आरसा आहे, पण त्याच्यावर जागा नाही, म्हणजे आहे, पण माझी नाही. वेणी मी कपाटाच्या आरशात घालते.

मनस्वी "भात वाढू?" ला मान हलवते. एवढंच.


२२ फेब्रुवारी

रविवार. मी सुरमई तळत होते. बाहेर आले तर मनस्वी वाटीत पाणी घेऊन टेबलाच्या डाव्या बाजूला बसलेली. ओलं फडकं, लगेच कोरडं. अगदी शिकवलं तसं. मिथुन सेकंड शिफ्टला निघाला होता, त्याने बघितलं, थांबला, बूट घातले आणि गेला.

तिने मला विचारलं, "कोरडं फडकं अजून हाय?" मी माझी जुनी ओढणी फाडून दिली.

डावी बाजू गेली.


१ मार्च

उजवी बाजू. आणि खालचा खण, दुसऱ्यांदा.

आज मिथुन आरशासमोर उभा राहून भांग पाडत होता. एक हात डाव्या बाजूच्या उघड्या लाकडावर ठेवलेला. भांग पाडून झाल्यावरही हात तिथेच होता. मी दारातूनच मागे फिरले.


८ मार्च

शिमगा होऊन गेला. गल्लीतल्या सगळ्या पोरांच्या कानामागे अजून रंग आहे, आणि आमच्या टेबलावर एक थेंब नाही! मधल्या खणावरचं मोठं कमळ शेवटचं होतं. ते पण गेलं. वाटीतलं पाणी आधी सोनेरी दिसलं, मग मळकट.

मला रडू आलं. मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. खोटं कशाला लिहू? जाणार हे मीच सांगितलं, कसं पुसायचं ते मीच शिकवलं, तरी वाटत होतं एक तरी कमळ ठेवेल. कोपऱ्यातलं बारीकसं. मूर्ती पाण्यात जाते तेव्हा मी कधी रडलेली नाही.


१९ मार्च

पाडवा. गुढी उभी केली, पुरणपोळ्या झाल्या. जेवणं झाल्यावर मनस्वी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "पांढरं पडलंय. आता?"

बघितलं. खालच्या खणावर, दोनदा पुसलं तिथे, धुरकट डाग. बाकी टेबल पण सुकून कळाहीन झालेलं. मी म्हटलं, "लाख लावावी लागेल. लाखेवर लाख."

"तुम्हाला येते?"

"नाही. बघू या?"

पहिल्यांदा तिचे दात दिसले.


२२ मार्च

पेणहून आदेशबरोबर साहिलने चपडी आणि स्पिरिट पाठवलं. बरोबर निरोप, "ताईंना सांग, हे मी पहिल्याच दिवशी बोललो होतो!"

चपडी म्हणजे मधाच्या रंगाचे पातळ काचेसारखे तुकडे. बाटलीत स्पिरिटमध्ये घालून ठेवले, मनस्वी दर थोड्या वेळाने बाटली हलवून उजेडात धरायची. विरघळल्यावर कापसाची पुरचुंडी करून सुती फडक्यात बांधली आणि हलका हलका हात. कुठे थांबायचं नाही, थांबलं की डाग. दोघींनी एकेक बाजू घेतली. सीताबाई नाकाला पदर लावून बघत बसल्या. धुरकट डाग डोळ्यांदेखत गेले! आम्ही दोघी एकदम "गेला!" म्हणून ओरडलो.

मी तिला साहिलचं सांगितलं, की जुनी विरघळते आणि नवी तिच्यात मिसळते. तिचा हात थांबला. "मग आईचं कुठलं नि नवीन कुठलं, ते कसं कळणार?"

"नाही कळत."

तिने विचार केला. मग मधला खण पूर्ण बाहेर काढला, बाजूला ठेवला. "ह्याच्या आत नको."

आत नाही लावलं. बाकी सगळं लावलं. तपकिरी, पण आतून उजेड असल्यासारखं. टेबल अनिताचं होतं तसं झालं, माझ्या हातचं त्याच्यावर काही दिसत नाही. आणि गंमत, आज मला वाईट वाटलं नाही.


२९ मार्च

मोरीच्या गजावर माझी एकही टिकली नाही. कालची नाही, परवाची नाही. वाटलं सासूबाईंनी गज पुसला. विचारलं तर म्हणाल्या, "मी नाय गो हात लावला." मिथुनला विचारण्यात अर्थ नव्हता.

नवीन टिकली लावायला म्हणून टेबलाच्या आरशाकडे गेले, पहिल्यांदाच. मरून टिकल्यांची रांग जिथे संपते, तिथून खाली, बारीक काळ्या, एकीखाली एक.

माझा हात हलला. कपाळावरची वाकडी लागली. तशीच राहू दिली.